जानकीमावशीच्या भावाचा नंबर

शाळेत सायबर सुरक्षेचं शिबिर झालं आणि त्या दिवसापासून गौरवीला आवरणं कोणाच्या हातात राहिलं नाही. पणजीहून आलेल्या बाईंनी विचारलं, स्टेजवर कोण येतंय? तर चपला वाजवत सगळ्यांत आधी गेली ती हीच. आठवीपर्यंत हजेरीला ओठांतल्या ओठांत 'प्रेझेंट' म्हणणारी मुलगी! तिने अख्ख्या शाळेसमोर माईक धरला आणि फालतू मेसेज कसे ओळखायचे, कसे ब्लॉक करायचे, हे असं काही धडाधडा सांगितलं की टाळ्या थांबेनात. खाली उतरल्यावर दिपाली म्हणाली, "गो, तुझ्या अंगात आलं की काय?"

आलंच होतं. आणि उतरायचं नाव घेत नव्हतं.

घरी पोचल्यावर तिने पपांचा फोन साफ केला. मग आईचा. मग साखळी गावातल्या त्यांच्या वाड्यावरच्या एकेकीचा. कुणाला कॅसिनोवाले रोज रात्री नशीब उघडायला बोलवत होते, कुणाला न काढलेल्या लॉटरीची गाडी लागली होती. विनोदिनीकाकूंना तर 'आज रात्री तुमची वीज तोडली जाईल' असा मेसेज आला होता आणि त्यांनी मुकाट्याने मेणबत्त्या आणून ठेवल्या होत्या. गौरवी पायरीवर पाय सोडून बसायची, फोन हातात घ्यायची आणि बोट असं चालवायची की बघणारीला वाटावं, ही कोळंबी सोलतेय. डोकं मोडलं, साल काढलं, पुढची.

"डॉक्टरीण झाली गो तुमची पोर," विनोदिनीकाकू आईला म्हणाल्या.

"फी घेत नाही म्हणून गर्दी," आई म्हणाली. पण तिचा चेहरा फुलला होता.

रविवारी सकाळी जानकीमावशी आली. जानकीमावशी म्हणजे मागच्या भाड्याच्या खोलीतली. मूळची दोडामार्गाकडची. नवरा महादेव खाणीवर टिपर चालवायचा आणि आठवड्यातले अर्धे दिवस तिकडेच झोपायचा. ती स्वतः काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. काजूच्या तेलाने तिच्या बोटांची कातडी जळून गुळगुळीत काळी झाली होती. तिचा अंगठा तिच्याच मोबाईलला ओळखू येत नसे, म्हणून तिने फोनला कुलूपच ठेवलं नव्हतं.

"गे बाय, ह्यां बघ. दिवसभर टिंग टिंग, टिंग टिंग," मावशी म्हणाली. "कर्ज घ्या, जमीन घ्या, जुगार खेळा. माझ्या भावाचो मेसेज त्यात गावनाच नाय."

"तुझा भाऊ कुठे असतो?"

"पार्स्याक. काजूच्या बागेत, राखणीक."

"दे इकडे. भावाचा मेसेज आला की पहिला दिसेल बघ. बाकी सगळा कचरा काढून टाकू?"

"काढ गे बाय. सगळो काढ. माका कायएक नको."

एवढ्यात नळाला पाणी आलं आणि मावशी कळशी घेऊन पळाली. गौरवी कामाला लागली. कॅसिनो, ब्लॉक. कर्ज, ब्लॉक. प्लॉट, ब्लॉक. मग एक नंबर आला, नाव नसलेला. आत उघडून पाहिलं तर नुसते आकडे. '1'. खाली पुन्हा '1'. खाली पुन्हा '1'. रोज संध्याकाळी एक, आणि त्याच्याखाली मावशीच्या फोनवरून गेलेलं उत्तर, तेही '1'.

गौरवी जागीच ताठ झाली. हे तर शिबिरातल्या बाईंनी जसंच्या तसं सांगितलं होतं! चोरटे लोक आधी एखादं अक्षर, एखादा आकडा पाठवून बघतात. समोरून उत्तर आलं की त्यांना कळतं, नंबर चालू आहे, माणूस भोळं आहे. आणि आमची मावशी बघा, रोज नेमाने उत्तर देतेय!

तिच्या डोक्यात भावाचा मेसेज म्हणजे शब्दांचा मेसेज होता. कशी आहेस, भावोजी कसे आहेत, असा काहीतरी. कुठला भाऊ बहिणीला रोज नुसता एक लिहून पाठवेल?

तिने तो नंबर ब्लॉक केला. स्पॅम म्हणून तक्रारही केली. आणि मावशीने पुन्हा चुकून उत्तर देऊ नये म्हणून तो सगळा संवाद पुसून टाकला. वर, मावशी कळशी भरून परतली तेव्हा शेरा मारलाच, "मावशे, तू कोणालाही उत्तर देत बसतेस गे! लुटतील तुला एक दिवस."

"माका लुटून काय गावतला तेंका?" मावशी कळशीखालून हसत म्हणाली आणि आत गेली.

*

तो आठवडा गौरवीचा फार छान गेला. मुख्याध्यापिकांनी तिला बोलावून सांगितलं की शाळेच्या वार्षिक अंकात तिने ह्या विषयावर लिहावं. तिने लिहायलाही घेतलं. येता-जाता मागच्या खोलीकडे तिचं लक्ष जायचं, मावशी दारात बसून फोनकडे बघत असायची. गौरवीला वाटायचं, बघ, किती शांत झालाय फोन.

शुक्रवारी शाळेतून येऊन ती चहात पाव बुडवत होती, तेव्हा मावशी मागच्या दाराने आली. कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आली होती. केस विस्कटलेले.

"बाय, जरा बघ गे. मोबाईलाक काय झालां? कृष्णनाथाचो एक येवक नाय."

"एक काय?"

"एक गे. आकडो. तो मेसेज करता ना माका सांजवेळी, तो."

हातातला पाव चहात पडला. गौरवीने तो काढलाही नाही.

"मावशे, तुझा भाऊ... आकडा का पाठवतो?"

"तेका आयकाक येना नाय, बोलाक येना नाय. जल्मापासून. शाळेत गेलो नाय. पण काजूच्यो पाट्यो मोजून मोजून आकडे शिकलो. मग आमी दोघांनी ठरवलां. एक म्हणजे जेवलंय, बरो आसंय. मी पण एक धाडलंय की तो झोपता. दोन म्हणजे काय तरी होया, येतलंस तेवा घेऊन ये." मावशी बोलता बोलता थांबली. "पयल्यांदा वाटलां, थंयचो टावर गेलो आसतलो. तसा होता कधी कधी. पण आता लय दिवस झाले. आणि माका तेका धाडूक पण गावना नाय, तेची ती खिडकीच खंय गेली."

गौरवीने फोन घेतला. ब्लॉक केलेल्या मेसेजचा कप्पा कुठे असतो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. शाळेसमोर तिने तो उघडून दाखवला होता, हसत हसत. 'इथे सगळा कचरा पडतो!' असं म्हणाली होती.

तिने तो उघडला. कॅसिनो, कर्ज, प्लॉट, आणि त्यांच्या मध्ये तो नंबर.

1

1

2

2

2

मग सगळी शून्यं. बुधवार रात्रीपासून. शून्य, शून्य, शून्य. आज पहाटेपर्यंत. त्यानंतर काही नाही.

"शून्य म्हणजे काय, मावशे?"

मावशीने फोन ओढून घेतला. वाचता येत नसलं तरी एवढं तिला येत होतं. ती ते शून्य बघत राहिली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"शून्य म्हणजे ये."

गौरवीच्या आईने चुलीवरचं भांडं उतरवलं. पपा बाहेरच्या खोलीतून आत आले.

"हे सगळे इलेले मगे," मावशी म्हणाली. "माका कशे दिसाक नाय?"

"मी... मी ब्लॉक केलेला तो नंबर. रविवारी."

"म्हणजे काय केलंस?"

"म्हणजे, मेसेज येतात, पण तुला दिसत नाहीत. आवाज होत नाही."

"आणि तेका? तेका कळता, माका दिसना नाय म्हणून?"

"नाही," गौरवी म्हणाली. "त्याला वाटतं, पोचला."

मावशी ओरडली नाही. शिव्या दिल्या नाहीत. गौरवीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला वाटलं, एक तरी शिवी दे गे. मावशी पपांकडे वळली. "शंभूबाब, तुमची गाडी आसा मा?"

*

पपांची जुनी व्हॅन डिचोली, अस्नोडा करत कोलवाळच्या पुलावर आली तेव्हा सूर्य बराच खाली होता. वाटेत पपांनी पार्स्यातल्या ओळखीच्या एका माणसाला फोन लावला होता, पण तो लग्नाला गेला होता. बागेचा भाटकार, म्हणजे मालक, मुंबईला. डोंगरावर कृष्णनाथ एकटाच असायचा, काजूचा हंगाम संपेपर्यंत. खालच्या दुकानात फोन चार्ज करायला उतरायचा, तेवढाच माणसांत.

गौरवी मागे बसली होती. तिला बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. मावशे, मला माहीत नव्हतं गे. मावशे, शिबिरात तसंच सांगितलेलं. प्रत्येक वाक्य तोंडापर्यंत यायचं आणि तिथे वाईट वास यायला लागायचा. मावशी पुढे बसून फोनवर काळं बोट दाबत होती. एक. एक. एक. पाठवत होती.

"जातत मा आता हे?" तिने मागे न बघता विचारलं.

"जातात. मी अनब्लॉक केलंय."

पण पलीकडून काही येत नव्हतं.

गाडी डोंगराच्या पायथ्याशी थांबली. पायवाटेने वर चढताना आधी वास आला. बोंडू कुजल्याचा, आंबूस, नाकात बसणारा. मग दिसलं. झाडांखाली पिवळी-लाल बोंडं पडून सडत होती, बी लागलेलीच, त्यांच्यावर माश्यांचे थर. राखणदार धड असता तर एकही बी जमिनीवर राहिली नसती. मावशीला ते गौरवीच्या आधी कळलं. ती धावायला लागली. एका चपलेचा अंगठा तुटला, तिने ती तिथेच सोडली.

बागेच्या वरच्या अंगाला झावळांचा मांगर होता, राखणीचं खोपटं. आत अंधार. चटईवर कृष्णनाथ एका कुशीवर पडला होता. बाजूला रिकामा तांब्या, आडवा झालेला. ओठ फुटलेले, हिरड्यांतून रक्त येऊन हनुवटीवर वाळलेलं. अंग असं तापलेलं की पपांनी हात लावून झटकन मागे घेतला. साधा बटणांचा फोन त्याच्या मुठीत होता, बंद पडलेला.

पण तो जिवंत होता. मावशीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पदर भिजवून ओठांवर पिळला. त्याने डोळे उघडले. तिला ओळखलं. गौरवीने ते अगदी जवळून पाहिलं, म्हणून तिला नक्की माहीत होतं, की ओळखल्यावर त्याच्या चेहऱ्यावर आनंद आला नाही. त्याने हळूहळू हात उचलला. एक बोट स्वतःच्या नाकपुडीला लावलं, मावशीची चमकी असते तिथे. मग तोच हात स्वतःकडे ओढला, ये म्हणतात तसा. आणि मग तळवा उताणा करून तसाच हवेत धरला.

"काय म्हणतो तो?" पपांनी विचारलं.

 ते कळायला कोणाला शिबिर लागत नव्हतं. जानकी. ये म्हटलेलं. का नाही?

*

म्हापशाच्या इस्पितळात त्याला सलाइन लावली. डॉक्टर तरुण होते, डोळ्यांखाली काळं आलेलं. गोचीड चावून होणारा ताप असावा, माकडताप म्हणतात तसा, त्यांनी सांगितलं. रक्त तपासायला पाठवलंय. बागेत मेलेलं माकड दिसलं होतं का? ताप कधीपासून आहे? कोणी सांगू शकेल का? पेशंट तर काही बोलत नाही.

 मग मावशीने फोन गौरवीसमोर धरला.

"तू वाच," ती म्हणाली.

गौरवीने वाचलं. अख्ख्या शाळेसमोर माईक न थरथरता धरणारी गौरवी, तिचा आवाज त्या पांढऱ्या खोलीत डॉक्टरांपर्यंतही पोचेना. "रविवारी, सोमवारी बरा होता. मंगळवारी त्याला काहीतरी हवं होतं. मंगळवारी दोनदा. बुधवारी सकाळी पुन्हा. बुधवारी रात्री..."

"मोठ्याने, प्लीज," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले.

"बुधवारी रात्री त्याने बोलावलं. मग बोलावतच होता."

डॉक्टरांनी मान वर केली. "मग मंगळवारीच का नाही आणलंत?"

"मेसेज दिसला नाही," मावशी म्हणाली. एवढंच. गौरवीकडे बोट केलं नाही. बोट केलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी ताप थोडा उतरला. तो शुद्धीवर होता. मावशी खाटेजवळ बसून त्याच्याशी बोलत होती, त्यांच्या दोघांच्या त्या बोटांच्या बोलीत. नाक, हात, छाती, डोळे. गौरवी दाराशी उभी राहून बघत होती. मावशी सांगत होती, मला दिसलं नाही रे. डोळ्यांवर हात ठेवून मान हलवत होती. तो तिच्याकडे बघायचा आणि पुन्हा तेच करायचा. बोट नाकपुडीला. हात स्वतःकडे. तळवा उताणा.

"तेका कळना नाय," मावशी वळून म्हणाली. तिचा चेहरा दोन दिवसांत अर्धा झाला होता. "तो म्हणता, मी धाडलेलंय. कसा सांगू तेका? ब्लॉक कसा सांगू? आमच्यात तसो शब्दच नाय."

"मी सांगते," गौरवी म्हणाली.

समजावून सांगणं हे तर तिचं काम होतं. ती खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेली. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी. मावशीचा फोन हातात घेतला. मी हा घेतला. मग बोट चालवून दाखवलं, आणि एक हात दुसऱ्या हाताने झाकून घट्ट बंद केला. मी बंद केलं. मावशीकडे बोट, डोळ्यांवर पट्टी. हिला दिसलं नाही.

कृष्णनाथ लक्ष देऊन बघत होता. त्याच्या कपाळावर आठी पडली. तो प्रयत्न करत होता, तिला दिसत होतं की तो प्रयत्न करत होता. तिने पुन्हा पहिल्यापासून केलं, हळू. मग तिला वाटलं, त्याला दाखवूया. प्रत्यक्ष बघितलं की कळेल. तिने त्याचा नंबर उघडला आणि फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

त्याने पाहिलं. त्याचे एक. त्याचे दोन. त्याची शून्यं, एकाखाली एक, सगळीच्या सगळी. बहिणीच्या फोनमध्ये.

गौरवीला ते लगेच कळलं नाही. आधी त्याच्या चेहऱ्यात काहीतरी बंद होताना दिसलं, मग कळलं. पोचले होते. त्याला जेवढं विचारायचं होतं, त्याचं उत्तर तिने त्याच्या डोळ्यांसमोर धरलं होतं.

"नाही, नाही," ती मोठ्याने म्हणाली, जसं काही त्याला ऐकू येणार होतं. "नंतर दिसले! हिला नंतर दिसले!" नंतर कसं दाखवायचं? तिने खिडकीतून सूर्याकडे बोट केलं, बोटं फिरवली, पुन्हा सूर्य. तो आता बघत नव्हता. त्याने सलाइन नसलेल्या हाताने फोन बाजूला सारला. मावशीने त्याचा हात धरला, तर तो त्याने हळूच, अगदी हळूच सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मावशी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. भेटायची वेळ संपल्यावर नर्सने दोघींना बाहेर काढलं.

संध्याकाळी ताप पुन्हा चढला. नाकातून रक्त येऊ लागलं. त्याला आतल्या खोलीत नेलं, जिथे कोणाला सोडत नाहीत. रविवारी सकाळी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी पपांना बाजूला घेतलं. पपांची मान खाली गेली तेव्हा कोणी काही सांगायची गरज उरली नाही.

महादेवकाका खाणीवरून थेट आले होते, अंगावर तांबडी माती तशीच. ते आणि पपा कागदपत्रांसाठी गेले. आई मावशीसाठी चहा आणायला गेली. बाकावर दोघीच उरल्या. समोर एक बाई भिंतीला टेकून केळं खात होती. कुठेतरी लिफ्टचं दार उघडत होतं, मिटत होतं.

मावशी रडली नव्हती. तिने पदराने तोंड पुसलं, कोरडंच, आणि पहिल्यांदा गौरवीकडे सरळ पाहिलं.

"बाय, तू एवढा सांगलंस तेका हातवारे करून. शेवटाक कळलां काय गे तेका? मी मुद्दाम नाय केलंय, ह्यां?"

हो म्हणणं किती सोपं होतं. हो मावशे, त्याने मान हलवली, मी पाहिलं. कोण होतं खोटं पाडायला? मावशीचे डोळे तेच मागत होते. गौरवीने तोंड उघडलं. आणि तिला मंगळवारपासून मेसेज पाठवणारा, उत्तर येईल म्हणून मुठीत फोन धरून पडलेला तो माणूस दिसला. त्याच्याबद्दल आणखी एकदा स्वतःच्या मनाने काहीतरी ठरवून टाकायला तिची जीभ उचलली नाही.

"नाही मावशे," ती म्हणाली. "नाही कळलं त्याला."

मावशीने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग ती उठली, बाकावरून फोन उचलला, आणि लांबच्या दुसऱ्या बाकावर जाऊन एकटी बसली.